लोखंडापायी

"वैजू, रॉकेलचा डबा आण गं," हे शेडमधून ओरडले तेव्हा मी भाकरी थापत होते. स्टोव्ह पेटवून काही तापवायचं असेल, असं मला वाटलं. डबा घेऊन गेले आणि दारातच थबकले. ट्रॅक्टरवरची ताडपत्री खाली पडली होती. पाच-सहा वर्षांत ती कुणी उचलली नव्हती. धुळीनं माखलेला, एका बाजूनं चेपलेला तो ठेंगणा ट्रॅक्टर उघडा पडला होता आणि हे त्याच्या चाकाला टेकून, कुबडी बाजूला ठेवून, हातात पाना घेऊन बसले होते.

"हे काय?"

"इंजिन आवळलंय. बघतो सुटतंय का."

"कशाला?"

"बघतो," एवढंच म्हणाले आणि डब्यासाठी हात पुढं केला.

मी डबा दिला नाही. खाली ठेवला आणि परत आले. तव्यावरची भाकरी करपली होती.

आमचं गाव पुरंदरातलं. घराजवळ अंजिराची बाग आणि वर डोंगराच्या कुशीला पायऱ्या-पायऱ्यांचं सीताफळाचं वावर. झाडांच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून लग्नानंतर दोन वर्षांनी यांनी हा बागेतला छोटा ट्रॅक्टर जुनाच घेतला होता. बोनेट माझ्या कमरेएवढं. गावात पोरं त्याला खेचर म्हणायची. यांचा मात्र फार जीव. रोज संध्याकाळी फडक्यानं पुसायचे.

मग एका पावसाळ्याअखेरीला वरच्या वावरात बांधाच्या कडेला वळवताना ट्रॅक्टर कलंडला आणि यांच्या डाव्या पायावर पडला. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळं जे कळलं ते लोकांकडून. लोक सांगायचे, ट्रॅक्टर घसरायला लागला तेव्हा वरच्या अंगाला उडी मारायला भरपूर सवड होती. शेजारच्या वावरातल्यांनी ओरडून सांगितलंही होतं. पण याला लोखंडाचा लोभ सुटला नाही. स्टेअरिंग सोडलं नाही आणि लोखंडापायी पाय घालवून बसला. दवाखान्यात ताप उतरल्यावर मी एकदा विचारलं होतं, "का नाही हो उडी मारली?" यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी त्यातच उत्तर समजून घेतलं. नंतर परत विचारलं नाही, पण मनातून ते गेलंही नाही. घरात बायको आहे, चार वर्षांची पोरगी आहे, आणि या माणसानं यंत्र वाचवलं. रबराच्या पायाचे पट्टे आवळायला मदत करताना, अंजिरं निवडायला खाली बसताना यांना हात देताना, ते आठवायचंच.

ट्रॅक्टर लोकांनी ओढत आणून शेडमध्ये ढकलला. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याच दिवशी त्यावर ताडपत्री टाकली. सासूबाई आधीच गेल्या होत्या. आबा तसे बोलघेवडे, पण ट्रॅक्टरचा विषय निघाला की उठून जायचे.

त्या दिवशीही जेवताना आबांना शेडमधली ठोकाठोक ऐकू आली. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"काय करतोय त्यो?"

"इंजिन सोडवतायत म्हणे."

"भंगारात घाल म्हणावं ते धूड. माझ्या डोळ्यापुढं नको."

"तुम्हीच सांगा, आबा. माझं ऐकत नाहीत."

आबा उठले, हात धुतले आणि शेडकडं न जाता मारुतीच्या देवळाकडं गेले.

इंजिन लवकर सुटलं नाही. यांनी नोझल काढून वरून तेल सोडलं, ते मुरू दिलं, पुन्हा सोडलं. रोज पुलीला पाना लावून झोंबायचे. मी मुद्दाम तिकडं जात नव्हते. एका सकाळी मात्र "हललं! वैजू, हललं!" असा आरडाओरडा झाला आणि मी धावले. पुली तसूभर फिरली होती. एवढंच. पण यांच्या कपाळाला काळं लागलेलं, बाह्या कोपरापर्यंत तेलानं भिजलेल्या, आणि तोंडावर असं हसू की मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, ते तिथंच उभं राहून आठवू लागले.

त्या दिवशी मी पदर खोचला आणि रॉकेलच्या पाटीपुढं बसले.

तिथून पुढं आमचा दोघांचाही संसार शेडमध्ये हलला म्हणा ना. मी नट-बोल्ट घासायची, जाळ्या धुवायची. एअर फिल्टर उघडला तर आत उंदराचं घर, आणि त्यात माझ्या हिरव्या साडीच्या चिंध्या. "ही साडी तू धुणारणीनं हरवली म्हणून किती दिवस भांडलीस," हे म्हणाले आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीची मडकी लावली होती. ती काडीनं कोरून काढली. झिजलेला भाग फडक्यात बांधून मी सासवडला घेऊन जायची. दुकानदार तो उलटापालटा करून म्हणायचा, "बाई, हा माल आता कोण वापरतं?" मी म्हणायची, "आम्ही वापरतो. द्या."

एकेक भाग धुताना हे सांगत राहायचे. यातून डिझेल येतं, इथं हवा अडकली की इंजिन धरत नाही, हा नॉब ओढला की बंद. क्लचची तार घट्ट करायची तेव्हा मला सीटवर बसवलं आणि स्वतः खाली झोपून ओरडू लागले, "दाब. सोड. आता अर्धा दाब. अगं, पाय उचल ना वैजू, बोट चेंगरेल माझं!"

यांच्या रबराच्या पायाला क्लचचा अंदाज येईना. म्हणून पेडलला एक पाइप वेल्डिंग करून घेतला आणि हातानं दाबायची सोय केली.

ज्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला, त्या दिवशी आधी नुसता घरघरला, मग काळा धूर ओकला आणि एकदम टपटपू लागला. कोंबड्या कुंपणापलीकडं उडाल्या. पोरगी शाळेचं दप्तर फेकून नाचायला लागली. मी सुद्धा टाळ्या पिटल्या. आबा ओट्यावर होते. ते उठले, चपला शोधल्या आणि चालायला लागले. हे सीटवरून त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

संध्याकाळी मी विषय काढला. "घराजवळ चालवा, अंजिरात चालवा, हौस भागवा. पण वरच्या वावरात न्यायचा नाही."

"बरं."

"माझ्याकडं बघून म्हणा."

"बरं म्हटलं ना."

बघितलं मात्र नाही.

त्यानंतर दिवस बरे गेले. हे अंजिराच्या सऱ्या फिरवायचे, छोट्या ट्रॉलीतून शेणखत ओढायचे. जो माणूस सकाळपासून बाजेवर बसून अंजिराच्या पाट्यांना पाला लावायचा, तो आता न्याहारीला हाका मारून मारून यायचा. लोक बघायला येत. शेजारचे यशवंतराव चहा पिता पिता म्हणाले, "निवृत्ती, आता कलंडला तर उडी मार बाबा. लोखंड काय, बाजारात मिळतं." सगळे हसले, हेसुद्धा. आबांनी भरलेला कप खाली ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं, मुलाचा राग अजून गेला नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला.

अंजिराच्या पाट्या देऊन मी दुपारच्या एसटीनं परतले. फाट्यावर उतरून घराशी आले तर शेड रिकामी. आबा ओट्यावर बसले होते, दोन्ही हात काठीवर.

"आबा, हे कुठं गेले?"

त्यांनी हनुवटीनं डोंगराकडं दाखवलं.

"वर? आणि तुम्ही जाऊ दिलं?"

"मला इचारून गेला न्हाई." त्यांचे डोळे डोंगरावरून हलले नाहीत. "कवाधरनं आवाज ऐकतोय मी. चढतोय, चढतोय. अजून चढतोय."

मीही कान दिला. वरून टपटप येत होती. बारीक, पण येत होती. मी पिशवी तिथंच टाकली आणि निघाले.

गाडीवाट खडकाळ. मी चपला हातात घेतल्या. छाती फुटायची वेळ आली तरी पळत होते, कारण आवाज चालू होता तोवर सगळं ठीक होतं. पहिला टप्पा ओलांडला. दुसऱ्या टप्प्याच्या बोरीपाशी पोचले आणि आवाज थांबला.

इंजिन कसं बंद होतं ते मला तोवर ठाऊक झालं होतं. नॉब ओढला की ते दमून दमून बंद होतं. अडकलं, आपटलं की झटक्यात. आत्ता झालं ते कसं, ते मला आठवून बघता येईना. कानात नुसतं माझंच रक्त वाजत होतं. "अहो!" मी ओरडले. उत्तर नाही. दुरून एक तितर तेवढा ओरडला.

शेवटचा चढ मी हातापायांवर चढले असेन. वर पोचले तर वावराच्या मधोमध ट्रॅक्टर उभा. सरळ, चारही चाकांवर. सीटवर कुणी नाही.

ट्रॅक्टर सरळ उभा असलेला बघूनही माझा जीव भांड्यात पडला नाही. मी त्याला वळसा घालून धावले. आणि बांधाच्या कडेला, दगडांच्या ढिगाला पाठ टेकून, हे बसले होते. रबराचा पाय काढून शेजारी ठेवलेला. ओंजळीत खालच्या बोरीची बोरं. एक बी थुंकून म्हणाले, "आलीस? पळत कशाला आलीस एवढी?"

मी हातातली चपलांची जोडी फेकून मारली. एक यांच्या खांद्याला लागली.

"अगं, अगं!"

"हाक मारली ती ऐकू येत नाही? तोंडात बोरं भरलीत? मी खाली अर्धी मेले! शब्द दिला होता ना? एक पाय लोखंडापायी घालवला, आता दुसरा घालवायला आलात?"

यांचं हसू गेलं. हातातली बोरं त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तू पण तेच म्हणतेस?"

"सगळं गाव म्हणतं."

"गावाचं सोड. तू पण?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, रागाचं की कशाचं, मला समजेना.

"इकडं ये," हे म्हणाले. "ये ना. इथं उभी राहा. खाली बघ. काय दिसतंय?"

बांध पुरुषभर उंच. खाली आमचाच दुसरा टप्पा, सीताफळाची झाडं. "आपली झाडं दिसतात. काय दिसायचंय?"

"त्या दिवशी तिथं आबा होते."

मला अर्थ लागेना.

"ते बघ, त्या मधल्या झाडाखाली. वाकून गवत कापत होते. पाठ इकडं. पावसानं कड भुसभुशीत झालेली. मागचं चाक गेलं खाली. सगळे ओरडले, उडी मार, उडी मार. मारली असती गं. एक पाय उचललाही होता. पण मी उतरलो असतो तर हा सरळ खाली गेला असता. त्यांच्या अंगावर." यांनी पाठीमागच्या दगडांवर हात ठेवला. "म्हणून स्टेअरिंग दाबून या ढिगावर घातला. इथं अडकला, आणि कलंडला."

मी खाली त्या मधल्या झाडाकडं बघत उभी राहिले. त्या झाडाखालून बांधाकडं बघितलं की काय दिसत असेल, तेही मला दिसायला लागलं.

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

"कुणाला सांगू? आबांना सांगू, तुमच्यापायी पाय गेला? त्यांनी अन्न सोडलं असतं."

"मला तरी."

"तू त्यांना रोज पाण्याचा तांब्या देतेस, वैजू. तांब्या दिला असतास तू, नाही असं नाही. पण कसा दिला असतास?"

मी खाली बसले, यांच्या शेजारी. यांनी माझ्या पुढ्यात बोरं सारली. मी एक खाल्लं. आंबट होतं.

"आणि आज कशाला आलात?"

"बघायला. इथं परत उभं राहता येतं का ते. रोज झोपेत येतो, म्हटलं एकदा जागेपणी यावं."

"आलं राहता?"

"आलं की. मग परत वळताना पट्टा तुटला आणि बसलो." हे हसायला लागले. "आता चढता येईना सीटवर."

खरोखरच रबराच्या पायाचा पट्टा मुळापासून उसवला होता. कुबडी घरी. खांद्याचा आधार देऊन मी यांना ट्रॅक्टरपर्यंत आणलं. खटपट करून मडगार्डवर बसवलं. पण मांडीवर तो सुटा पाय धरून, एका हातानं क्लच आणि दुसऱ्यानं स्टेअरिंग, तेही उतारावर, जमणारं नव्हतं. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"मी खाली जाऊन यशवंतरावांना आणते," मी म्हणाले.

"कशाला? तू बस."

"मी?"

"दाब-सोड कुणी शिकवलं तुला? बस. पहिल्या गिअरमध्ये टाकायचा आणि क्लचवरचा पाय काढून घ्यायचा. उतारावर क्लच दाबायचा नाही, काही झालं तरी. इंजिनच धरून ठेवतं त्याला."

"आणि कड आली तर?"

"कड मी बघतो. तू समोर बघ."

मी बसले. पाय नीट पोचत नव्हते, पुढं सरकून बसले. सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच फटक्यात धरलं. क्लच सोडला तर ट्रॅक्टर एकदम उसळला, हे माझ्या खांद्याला धरून राहिले, आणि मग तो मुकाट चालायला लागला. खेचरासारखाच. माझ्या कानाशी हे सांगत होते, "हां, डावीकडं थोडं. पुरे. दगड येऊ दे, घाबरू नको. बघ, धरतोय ना?" धरत होता. मी वाटेवरून नजर हलवली नाही. आतून मात्र हलकं हलकं वाटत होतं, ताप उतरताना घाम फुटतो तसं. या माणसानं यंत्र वाचवलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट मी मनात परत परत म्हणत होते.

दुसऱ्या टप्प्याच्या वळणावर समोर आबा दिसले. अनवाणी. काठी टेकत, वाकून, तोंडानं श्वास घेत चढत येत होते. यांचा पाय गेल्यापासून आबा या वाटेला फिरकले नव्हते. मला ट्रॅक्टरवर बघून ते मध्येच उभे राहिले. मग त्यांची नजर मडगार्डवर गेली, यांच्या मांडीवरच्या सुट्या पायावर गेली, आणि यांच्या तोंडावर येऊन थांबली.

तिथं वाट सपाट होती, म्हणून मी क्लच आणि ब्रेक दाबला. गिअर काढला.

"लागलं का रं?"

"न्हाई आबा. पट्टा तुटला नुसता."

"आवाज थांबला," आबा म्हणाले. "म्हटलं, परत..." ते ट्रॅक्टरजवळ आले आणि यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जिथं पाय संपतो तिथं. तिथं हात लावलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता.

"लोक लोखंड लोखंड म्हणत राहिले, निवृत्ती, आणि मी गप बसलो. मी खाली होतो. आवाज झाला तशी मी मान वळवली होती. मला दिसलं होतं सगळं."

हे काहीतरी बोलले. इंजिन टपटपत होतं, मला शब्द कळले नाहीत. माझा हात बंद करायच्या नॉबवर गेला होता. मी तो ओढणारच होते. मग हात मागं घेतला आणि समोर बघत बसले. इंजिन तसंच चालू ठेवलं. ते दोघं माझ्या मागं बोलत होते, कधी एकाचा आवाज वर यायचा, कधी दुसऱ्याचा, आणि मध्ये मध्ये कुणाचाच नाही. मी वळून बघितलं नाही. डिझेल जळत होतं, जळू दिलं.

बऱ्याच वेळानं आबा पुढं आले. डोळे लाल झाले होते. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून मला म्हणाले, "हात कापतोय तुजा."

"पहिल्यांदाच चालवतेय, आबा."

"मग मी म्होरं चालतो. माज्या मागनं ये. घाई करू नगंस."

आणि ते वाटेतले दगड काठीनं बाजूला सारत पुढं चालायला लागले. मी पहिला गिअर टाकला. एवढ्या सावकाश कुणी ट्रॅक्टर चालवला नसेल. घराशी पोचलो तेव्हा पोरगी शाळेतून येऊन दारात उभी होती. आजोबा पुढं, आई ट्रॅक्टरवर, बाबा मडगार्डवर मांडीवर पाय घेऊन. ती बघतच राहिली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही रडलात?"

"धूर गेला डोळ्यात," आबा म्हणाले. मग ओट्यावर बसत मला म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. सगळ्यास्नी."